डावा आधी

बोईसरच्या रस्त्यावर आज जे धडपणे गाडी चालवतात ते बहुतेक कमलाकांत मास्तरांच्या हाताखालून गेलेले आहेत, आणि जे धडपणे चालवत नाहीत ते दुसरीकडे शिकलेले आहेत. हे मत अर्थात मास्तरांचंच. 'दर्पण मोटार ड्रायव्हिंग स्कूल' ही पाटी त्यांनी तारापूरच्या रस्त्यावर लावली तेव्हा दर्पण, त्यांचा एकुलता एक मुलगा, पाळण्यात होता. मास्तर राहायचे केळव्याला, नारळी-पोफळीच्या वाडीत. रोज सकाळी बोईसरला यायचे आणि दिवसभर कारखान्यातल्या पोरांवर ओरडून संध्याकाळी घसा बसवून परत जायचे.

त्यांच्या शिकवणीचं सार चार शब्दांत मावायचं. डावा आधी, देव नंतर. नवशिक्या माणूस घाबरला की दोन्ही पाय वर उचलतो आणि देवाचं नाव घेतो. गाडी एक गचका खाते आणि भर रस्त्यात बंद पडते. औद्योगिक वसाहतीच्या त्या रस्त्यावर मागे ॲसिडचा टँकर असतो, आणि टँकर देवालाही लवकर थांबवता येत नाही. म्हणून काहीही झालं तरी आधी डावा पाय, क्लच तळाला लावायचा. मग उजव्याने ब्रेक. मग खुशाल देव आठवायचा.

हे डोक्यात राहून उपयोग नाही, पायात मुरलं पाहिजे, असं मास्तर म्हणत. त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. गाडी सरळ चाललेली असताना ते अचानक कानाशी ओरडत, "बैल!" ओरड ऐकताच डावा पाय खाली गेलाच पाहिजे. बिहारहून आलेली पोरं बावरून विचारत, "किधर है बैल, मास्टरजी?" मास्तर म्हणत, "बैल तू हाय. पैर किधर है?" महिनाभरात पोरगा असा तयार व्हायचा की मागून नुसता हॉर्न वाजला तरी त्याचा डावा पाय आपोआप दबायचा. एवढं झालं की मास्तर त्याला परीक्षेला पाठवत.

दर्पणला तर त्यांनी घरीसुद्धा सोडलं नाही. अठरा पुरी झाली त्या वर्षी जेवायला बसलं की घास तोंडाशी जाता जाता मास्तर ओरडत, "बैल!" आणि टेबलाखाली दर्पणचा डावा पाय धाडकन फरशीवर आपटे. एकदा आमटीचं पातेलं कलंडलं. चंद्रकांता, दर्पणची आई, चिडून म्हणाली, "गाडी शिकवताव का पोराला पिसाळवताव?" बापलेक हसून हसून लाल झाले होते.

बिनगियरच्या गाडीला मास्तर गाडीच म्हणत नसत. झोपाळा म्हणत. बसायचं, पाय हलवायचा, झुलायचं. शनिवार-रविवारी मुंबईकर तसले झोपाळे घेऊन केळव्याच्या किनाऱ्यावर येत आणि वाळूत रुतवून ठेवत. मास्तर दोरखंड लावून ओढून देत, पण एवढ्या वर्षांत त्यांच्या स्टिअरिंगमागे एकदाही बसले नाहीत. गरज पडली नाही, असं सांगत. खरं म्हणजे मान आड यायचा.

दर्पण बायकोला, कीर्तीला, आणि अडीच वर्षांच्या लेकीला, दिशाला, घेऊन अमेरिकेला गेला, तेव्हा बापलेकांना फोनवर बोलायला हा विषय आयताच मिळाला. "बाबा, इथं शंभरात दोघांना गियरची गाडी येत असंल तर शपथ," दर्पण सांगायचा. "हापिसातला एक जण म्हणतो, गियरची घे. कोण चोरणार नाय, चोरालाच चालवता येत नाय!" मास्तर खोकला लागेपर्यंत हसले आणि आठवडाभर चहाच्या टपरीवर हीच गोष्ट सांगत सुटले. पुढच्या फोनला दर्पण म्हणाला, "माझ्या बाजूला बसतो तो जर्मनीचा हाय. त्यांच्याकडे बिनगियरवर परीक्षा दिली तर लायसनवर तसंच लिवतात. गियरच्या गाडीला हात लावायचा नाय."

"शानी माणसं," मास्तर म्हणाले. "आणि तुजा डावा पाय काय करतो तिकडं?"

"बसून खातो."

"खाऊ दे. पण इसरू नको हां. घरी येशील तवा लागंल."

पाचव्या महिन्यात एका सकाळी दर्पण ऑफिसला जाताना हायवेवर अपघातात गेला. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की रस्ता कोरडा होता, समोर अडथळा नव्हता, शेजारच्या गाडीने हॉर्न दिला आणि दर्पणची गाडी भर वेगात एकदम जोराचा ब्रेक लागून थांबली. मागे ट्रक होता. ब्रेक का मारला, याच्यापुढे लिहिलं होतं, कारण कळलेलं नाही.

कारण मात्र घरातल्यांना कळलं होतं, निदान चंद्रकांताला तरी. त्या सकाळी दर्पण आणि कीर्ती यांचं कशावरून तरी भांडण झालं होतं. तो निघाल्यावर कीर्तीने रागाच्या भरात फोन केला आणि म्हणाली, "आज घरी नाही आलास तरी चालेल." त्यानंतर चार मिनिटांनी अपघात झाला. अस्थी घेऊन केळव्याला आली तेव्हा तिने हे स्वतःच सासूला सांगितलं. लपवायची तिला बुद्धी झाली नाही. चंद्रकांता सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "तुज्या फोनानं नेला माजा पोरगा." त्या दिवसापासून तिने सुनेचं नाव टाकलं. बोलायची वेळ आलीच तर 'दिशाची आई' म्हणायची.

त्यानंतर सव्वा वर्षाने, जानेवारीत, कीर्ती दिशाला घेऊन पहिल्यांदा आली. ती तिकडेच एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती. मुंबईहून तिने भाड्याची गाडी आणली, अर्थात बिनगियरची, कारण ती गाडी शिकलीच मुळी अमेरिकेत. तिकडे वळायच्या दिव्याचा दांडा डाव्या हाताला, इकडे उजव्या. त्यामुळे वळण आलं की बाईंच्या हातून दिव्याऐवजी काचेचे वायपर चालू व्हायचे. उन्हं रणरणत असताना वायपर हलवत गाडी वाडीत शिरली तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरांनाही हसू आलं आणि मग आपण हसलो म्हणून लाज वाटली.

जवळून पाहिल्यावर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. कीर्ती वाळून कोळ झाली होती. गाडी चालवायची ती जीव मुठीत धरून, आणि निघण्याआधी फोन बंद करून डिकीत टाकायची. दिशा मागून काही बोलली तरी गाडी कडेला घ्यायची, मग उत्तर द्यायची. तिसऱ्याच दिवशी चंद्रकांताने भाकरी थापता थापता विषय काढला. "पोरीला इथं ठेव. एकाला सांभाळलं नायस, हिला काय सांभाळशील?"

कीर्ती भांडली नाही. भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. संध्याकाळी ती वाडीत त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आई म्हणतात ते खरंच आहे. मला माझाच भरवसा राहिला नाही. दिशा गाडीत बसली की माझे हात थरथरतात. ती तुमच्याजवळ वाढली तर निदान..." ठरलं असं की रविवारी कीर्तीने एकटीने परत जायचं, आणि शुक्रवारपर्यंत दिशाचं तिकीट रद्द करायचं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मास्तरांना आनंद झाला. दिशाचं कपाळ दर्पणचं होतं, हसणं दर्पणचं होतं, आणि ती 'आजोबा' न म्हणता 'आबोजा' म्हणायची. सुनेचं काळीज तुटत होतं हे त्यांना दिसत होतं. तरीही नात राहणार या विचाराने त्यांना कितीतरी महिन्यांनी भूक लागली. माणसाचं मन असंच असतं, त्याला काही करता येत नाही.

मंगळवारी सकाळी नवशा टेंपोवाला नारळ भरायला आला. कीर्तीची गाडी वाडीच्या तोंडाशी आडवी. कीर्ती आत दिशाला न्हाऊ घालत होती, चंद्रकांता बाजारात गेली होती. नवशा म्हणाला, "मास्तर, काडा ना तुमीच. का झोपाळा नाय येत?"

असं म्हटल्यावर मास्तर कसले थांबतात. चावी घेतली, बसले. क्लच नाही, हे पाहून डावा पाय नेहमीच्या जागी नुसता टेकवून ठेवला. ब्रेक दाबून दांडा ओढला, ब्रेक सोडला. गाडी आपणहून पुढे सरकू लागली, कुणी न सांगता. 'उतावळी दिसते,' असं काहीतरी पुटपुटत त्यांनी तिला गल्लीत वळवली आणि थोडी रेस दिली. तेवढ्यात मागोमाग टेंपो आणणाऱ्या नवशाने गमतीने हॉर्न दिला.

मास्तरांचा डावा पाय उठला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खाली गेला. तिथे क्लच नव्हता. ब्रेकची रुंद पट्टी होती, ती तळाला लागली. पाय खाली जात असतानाच काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं होतं, पण पाय ऐकेना. गाडी जागच्या जागी थिजली आणि मास्तरांची छाती स्टिअरिंगवर आदळली. मागे नवशाचा टेंपो हातभर अंतरावर कचकचून थांबला.

"काय मास्तर! जीव घेशील काय?" नवशा खिडकीतून ओरडला आणि हसला.

मास्तर उतरले नाहीत. ते खाली वाकून आपल्या पायाकडे बघत राहिले. पाय अजून ब्रेकवरच होता, त्यांनी तो तिथे ठेवला नव्हता. कोरडा रस्ता, समोर अडथळा नाही, बाजूच्या गाडीचा हॉर्न. पोलिसांच्या कागदातली ओळन् ओळ त्यांना पाठ होती, आणि 'कारण कळलेलं नाही' यापुढे काय लिहायचं ते आता त्यांना कळलं. कीर्तीचा फोन कधीच संपला होता. दर्पण समोर बघून नीट गाडी चालवत होता. शेजाऱ्याने हॉर्न दिला आणि दर्पणने बापाने शिकवलं ते केलं, अगदी बिनचूक.

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. मास्तर बोलले नाहीत. छातीत दुखतं म्हणून ड्रायव्हिंगच्या शाळेत गेले नाहीत, आणि ते काही सगळंच खोटं नव्हतं. दिवसभर दिशाला घेऊन किनाऱ्यावर बसायचे. ती वाळूत खड्डे करायची आणि ते हिशोब मांडायचे. बोललो तर पोर जाईल. बोललो तर चंद्रकांता... तिचं काय होईल ते त्यांच्याने मनात आणवेना. शिवाय पुरावा काय? आपण तिथे होतो थोडेच? नाही बोललो तर कुणाचं काय बिघडतंय, सुनेने स्वतःच मान्य केलंय ना? असं म्हणून ते मनाला गप्प करायचे, आणि घरी येऊन पाहायचे तर कीर्ती दिशाचे फ्रॉक घडी घालून कपाटात सासूच्या लुगड्यांशेजारी ठेवत असायची. एकेक फ्रॉक नाकाशी धरून वास घ्यायची, मग ठेवून द्यायची.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी कीर्ती फोन घेऊन टेबलाशी बसली. "तिकीट रद्द करते, बाबा," ती म्हणाली. चंद्रकांता समोर बसून दिशाला दुधात पोळी कुस्करून भरवत होती. तिने मान वर केली नाही.

"करू नको," मास्तर म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी कप खाली ठेवला. "तुज्या फोनानं नाय गेला तो. माज्यामुळं गेला."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारचा हॉर्न, आपला पाय, ब्रेक. तिकडच्या गाडीत क्लच नसतो आणि त्याच्या जागी पाय गेला तर काय होतं ते. आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं तसंच, टप्प्याटप्प्याने सांगितलं. त्यांना दुसरी रीत येत नव्हती.

कीर्ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही नव्हता तिथं."

"मी नव्हतो. माजी शिकवण होती." मास्तर बायकोकडे वळले. "तुला आटवतं ना? जेवताना?"

चंद्रकांताचा दुधाचा हात वरच्या वर राहिला होता. दिशा तोंड उघडून वाट बघत होती. चंद्रकांताची नजर टेबलाखाली फरशीवर गेली आणि तिथेच राहिली. तिला आठवत होतं. आमटी सांडलेली आठवत होती, पोराचं हसणं आठवत होतं. तिने तोंड फिरवलं, आणि त्यावरूनच कीर्तीला उत्तर मिळालं.

मग कीर्ती अगदी हळू म्हणाली, "नवीन गाडी घेतली तेव्हा पहिल्या पहिल्यांदा अशीच गचके खायची. पार्किंगमध्ये वगैरे. मी ओरडले की दर्पण हसायचा. म्हणायचा, हा माझा पाय नाही, बाबांचा आहे." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी विसरूनच गेले होते. इतके दिवस मी हे विसरून गेले होते."

ती रडली. दर्पण गेल्यापासून या घरातल्या कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तिने आपल्याला तो हक्कच ठेवला नव्हता. दिशा घाबरून आईच्या मांडीवर चढली. चंद्रकांता उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि उष्ट्या हाताने सुनेचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. "कीर्ती," ती म्हणाली. "पोरी. गप, गप." मास्तरांच्या बाजूला तिने पाठ केली होती.

दिशाचं तिकीट रद्द झालं नाही. रविवारी सामान गाडीत गेलं. निघताना कीर्ती मास्तरांपाशी आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, "मला अजून राग आलेला नाही, बाबा. येईल कदाचित. आला तर तुम्हालाच सांगेन, मनात नाही ठेवणार." मास्तर म्हणाले, "सांग." दुसरं काय म्हणणार? दिशा मागच्या सीटवरून 'आबोजा, टाटा' म्हणत हात हलवत होती. गाडी वळणाआड गेल्यावर घरात इतकं सामसूम झालं की मास्तरांना ओसरीवर बसवेना आणि आतही जाववेना.

सोमवारी ते शाळेत गेले. कुंभवलीच्या एका कारखान्यातला नवा पोरगा शिकायला आला होता. चौकात समोरून सायकल आडवी आली, पोरगा घाबरला, आणि मास्तरांच्या ओठांवर आलेले शब्द ओठांवरच राहिले. गाडी गचका खाऊन भर रस्त्यात बंद पडली. मागचा टँकर केवढ्याने तरी हॉर्न देत अंगावर आला आणि वीतभर अंतरावर थांबला. टँकरवाल्याने खाली उतरून मास्तरांची आयमाय काढली. तो बरोबर होता. या रस्त्यावर, या गाड्यांना, अजूनही तेच खरं होतं. मास्तरांनी घाम पुसला आणि पोराला म्हणाले, "लेफ्ट पहले दबाने का." 'बैल' मात्र त्यानंतर ते कधी ओरडले नाहीत.

चंद्रकांता त्यांच्याशी बोलायची थांबली नव्हती. बोलायची, पण कामापुरतं. चहा ठेवलाय, पाणी आलंय, लाईट गेली. कीर्तीचा फोन आला की अर्धा अर्धा तास बोलायची. एक शब्द तिने नवऱ्याला दोष म्हणून सुनावला नाही, आणि तो न सुनावलेला शब्द मास्तर रोज ऐकत होते.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी ती ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मास्तर थोड्या अंतरावर बसून सोलू लागले. तिने अडवलं नाही. बराच वेळ दोघांच्या मधल्या सुपात दाणे पडत राहिले. मग मान खाली घालूनच ती म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"त्याला कळलं असंल का हो? पाय चुकला ते?"

मास्तरांच्या हातातली शेंग हातातच राहिली. गाडीच्या बाबतीत ते जन्मात कुणाशी खोटं बोलले नव्हते. गल्लीत माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीतसुद्धा त्यांना कळलं होतं. पाय खाली जाता जाताच कळतं, आणि त्यानंतर मागच्याला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माणसाला ते ठाऊक असतं.

"नाय," ते म्हणाले. "काय कळलं नाय त्याला."

"खरं?"

"खरं. एवढी वर्षं शिकवतोय मी."

चंद्रकांताने मान हलवली, डोळे पदराने पुसले, आणि आपल्या पुढ्यातल्या शेंगांमधल्या मूठभर शेंगा त्यांच्याकडे सारल्या.